कुलूपबंद दाराआडचा सामना

गेल्या पंधरवड्यात सांगली जिल्ह्यातील एका मातेचे सविस्तर पत्र आले. त्यांचे चिरंजीव अकरावीत शिकतात आणि कनिष्ठ महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघात खेळतात. एरवी मुलगा धडधाकट आहे. गावातल्या सिमेंटच्या मैदानावर तासन् तास खेळतो, भूक आणि झोप उत्तम आहे. मात्र जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका मोठ्या संस्थेशी सामना ठरला की आदल्या रात्रीपासून त्याचे पोट बिघडते, सकाळी उलटी होते आणि मैदानावर उतरताना हात बर्फासारखे गार पडतात. त्या संस्थेकडे लाकडी फरशीचे बंदिस्त क्रीडागृह आहे, पगारी प्रशिक्षक आहेत. “ती मुले वेगळ्याच मातीची आहेत, आई,” असे तो म्हणतो. मैत्रिणीच्या मुलाला तोंडी परीक्षेपूर्वी हृदयाची धडधड कमी करणारी एक गोळी दिली जाते, ती आपल्या मुलाला द्यावी काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, गोळीविषयी पुढे लिहितोच. परंतु पत्र वाचताना मला एका जुन्या सामन्याची आठवण झाली आणि ती सांगितल्याशिवाय माझे उत्तर पुरे होणार नाही. हा सामनाही महाविद्यालयांचाच, बास्केटबॉलचाच. त्यात एका संघाने दुसऱ्यास दुप्पट गुणांनी हरविले. मात्र दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात त्याविषयी एक ओळही आली नाही.

प्रथम या खेळाच्या जन्माविषयी थोडे सांगतो. कारण आरोग्याच्या पाक्षिकाशी त्याचे नाते जवळचे आहे. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे वाय. एम. सी. ए.च्या प्रशिक्षण शाळेत १८९१ च्या हिवाळ्यात जेम्स नेस्मिथ या तरुण शिक्षकावर एक काम सोपविण्यात आले. बाहेर बर्फ पडलेले आणि आत कवायतीला कंटाळलेला तरुणांचा वर्ग. छपराखाली खेळता येईल, दम लागेल पण हाडे मोडणार नाहीत, असा खेळ त्यांना हवा होता. नेस्मिथ यांनी पीच फळांच्या दोन टोपल्या वर टांगल्या आणि १३ नियम लिहून काढले. पुढे त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी घेतली आणि कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापन केले. म्हणजे हा खेळ ज्याने शोधला तो मनुष्य डॉक्टरही होता. आम्हा डॉक्टरमंडळींना याचा थोडा अभिमान वाटतो, तो वाचकांनी चालवून घ्यावा.

कॅन्ससमध्ये १९३३ साली जॉन मॅक्लेंडन नावाचा एक कृष्णवर्णीय विद्यार्थी दाखल झाला. त्याला बास्केटबॉलचे वेड होते. परंतु विद्यापीठाच्या संघात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. नेस्मिथ त्याचे मार्गदर्शक झाले. जो खेळ त्याला विद्यापीठाकडून खेळता येत नव्हता, तो त्या खेळाच्या जनकाकडून तो शिकला. शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात पोहणे आवश्यक होते. मॅक्लेंडन तलावात उतरला, म्हणून तलावातील पाणी काढून टाकण्यात आले. महाडच्या चवदार तळ्याचे पाणी १९२७ मध्ये दलितांनी प्राशन केल्यावर त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले होते, हे ज्या वाचकांस ठाऊक आहे, त्यांना या घटनेचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. नेस्मिथ यांच्या पाठबळावर मॅक्लेंडनने हट्ट सोडला नाही. १९३६ मध्ये तो पदवीधर झाला आणि पुढे उत्तर कॅरोलायना राज्यातील डरहॅम या शहरी, कृष्णवर्णीयांसाठी असलेल्या नॉर्थ कॅरोलायना कॉलेजात प्रशिक्षक म्हणून रुजू झाला.

डरहॅममध्येच ड्यूक विद्यापीठ आहे. श्रीमंत, नामवंत, आणि त्या काळी केवळ गोऱ्यांचे. दोन्ही विद्यालये एकाच शहरात, पण त्यांचे संघ समोरासमोर येणे कायद्याला आणि रूढीला मान्य नव्हते. बसमध्ये बसण्याच्या जागा वेगळ्या, उपाहारगृहे वेगळी, शाळा वेगळ्या. मॅक्लेंडनच्या ‘ईगल्स’ संघाने १९४४ च्या हंगामात जवळजवळ सर्व सामने जिंकले. हरला तो एकच. तरीही राष्ट्रीय स्पर्धांची दारे त्याला बंद होती. आपण खरोखर किती चांगले आहोत, हे त्या मुलांना मोजूनच पाहता येत नव्हते.

ड्यूकमध्ये त्या वर्षी आणखी एक संघ होता, वैद्यकीय महाविद्यालयाचा. युद्धकाळ असल्याने देशभरातील तरुण लष्करी व्यवस्थेखाली तेथे वैद्यकाचे शिक्षण घेत होते आणि त्यांपैकी कित्येकजण आपापल्या जुन्या महाविद्यालयांतून उत्तम बास्केटबॉल खेळून आले होते. विद्यापीठाच्या अधिकृत संघापेक्षाही हा भावी डॉक्टरांचा संघ सरस आहे, असे बोलले जाई. वाय. एम. सी. ए.च्या निमित्ताने दोन्ही विद्यालयांतील काही विद्यार्थी गुपचूप एकत्र जमत. अशाच एका बैठकीत कोणता संघ श्रेष्ठ, यावरून बोलणे निघाले आणि त्यातून आव्हान दिले गेले. गोऱ्या विद्यार्थ्यांना प्रथम ही कल्पना वेडेपणाची वाटली. मॅक्लेंडनने मात्र ती मनावर घेतली.

यात धोका किती होता, याची कल्पना पुढच्या एका घटनेवरून यावी. त्याच वर्षी जुलैमध्ये, त्याच डरहॅम शहरात, बुकर स्पाइसली नावाच्या गणवेशातील कृष्णवर्णीय सैनिकाचा बसमधील जागेवरून चालकाशी वाद झाला. चालकाने त्याला गोळ्या घालून ठार केले आणि न्यायालयाने चालकास निर्दोष सोडले. अशा शहरात काळ्या आणि गोऱ्या मुलांनी एकमेकांच्या अंगाला अंग घासत खेळायचे होते. मॅक्लेंडनची नोकरी जाणे हा त्यातला सर्वांत लहान धोका होता.

दिवस ठरला १२ मार्च १९४४, रविवार, वेळ सकाळी अकराच्या सुमारास. त्या वेळी बहुतेक शहर, पोलिसांसह, चर्चमध्ये असणार होते. ड्यूकचे खेळाडू मागून आणलेल्या मोटारींतून, वाकड्यातिकड्या रस्त्यांनी, कोणी पाठलाग करीत नाही ना हे पाहात आले. जाकिटे डोक्यावर ओढून ते व्यायामशाळेत शिरले आणि दारांना कुलपे लागली. प्रेक्षक नाहीत, बँड नाही, ओरडा नाही. पंच होता, घड्याळ होते. बातमी कळलेला एक वार्ताहर होता, त्याने ती न छापण्याचे कबूल केले होते. काही विद्यार्थ्यांना कुणकुण लागलीच. ते बाहेरून खिडक्यांपर्यंत चढून डोकावू लागले. विद्यार्थी कुठलाही असो, खिडकी त्याला सापडतेच.

आणि सामना सुरू झाला तो अत्यंत वाईट. नेम चुकू लागले, साध्या साध्या फेकी हातातून निसटू लागल्या. दोन्ही बाजूंची ही अवस्था होती. एरवी डोळे मिटून टोपलीत चेंडू टाकणारी ही मुले. त्यांना झाले तरी काय?

जे त्यांना झाले, तेच ताईंच्या मुलाला होते. धोक्याची जाणीव होताच मेंदूकडून सूचना जाते आणि मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी अ‍ॅड्रिनॅलीन हे द्रव्य रक्तात सोडतात. हृदय वेगाने धावू लागते. श्वास उथळ व जलद होतो. शरीराला आता मांड्या-पोटऱ्यांच्या मोठ्या स्नायूंची चिंता असते, म्हणून त्वचेकडचे आणि पचनसंस्थेकडचे रक्त कमी केले जाते. हात गार पडतात ते यामुळे. पोटात गोळा येतो, अन्न पुढे सरकत नाही आणि काहींना उलटी होते तीही यामुळेच. तोंड कोरडे पडते, तळवे घामेजतात. वाघापासून पळायचे असेल तर ही सारी व्यवस्था उत्तम आहे. पण बोटांच्या अग्रांवर चेंडू तोलून तो १० फूट उंचीच्या कड्यात अलगद टाकायचा असेल, तर गार आणि थरथरणारी बोटे काय कामाची? मुलगा भित्रा आहे किंवा ‘नाटक करतो’ असा अर्थ कृपया कोणी काढू नये. घराघरांत असे बोलले जाते, म्हणून मुद्दाम लिहितो. शरीर त्याला मदतच करीत आहे. फक्त ती मदत अवेळी आणि गरजेपेक्षा जास्त पोहोचते.

वैद्यकाचे विद्यार्थी असलेल्या ड्यूकच्या खेळाडूंना यातील शास्त्र ठाऊक असणारच. त्याने त्यांची फेक सुधारली नाही. ज्ञान आणि सराव यांतील अंतर आम्ही डॉक्टर रोज अनुभवतो.

मग पहिल्या काही मिनिटांनंतर खेळ बदलला. अंगातले जे रसायन थरथरण्यात वाया जात होते, ते धावण्याच्या कामी लागले आणि मॅक्लेंडनने घडविलेला संघ त्याच्या नेहमीच्या खेळावर आला. तो खेळ म्हणजे फास्ट ब्रेक. चेंडू हाती येताक्षणी, प्रतिपक्ष सावरण्यापूर्वी, संपूर्ण संघाने दुसऱ्या टोकाकडे झेपावायचे. आणि चेंडू गमावला तर अर्ध्या मैदानावर माघारी न येता जागच्या जागी, पूर्ण मैदानभर प्रतिपक्षाला घेरायचे. त्या काळी बहुतेक संघ शांतपणे चेंडू फिरवीत, जागच्या जागी उभे राहून दोन्ही हातांनी नेम धरीत. मॅक्लेंडन मात्र वेगाचा भोक्ता होता आणि आपल्या वेगवान खेळाचे मूळ तो नेस्मिथ यांच्या शिकवणीत दाखवीत असे. पुढे १९६५ मध्ये त्याने फास्ट ब्रेकवर एक पुस्तकही लिहिले.

या खेळामागे शरीराचे एक साधे गणित आहे. पूर्ण वेगाने धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, ती काही सेकंदांतच संपत येते. ती पुन्हा भरून यायला प्राणवायू लागतो आणि तो पोहोचविण्याचे काम हृदय व फुप्फुसे करतात. ज्याचे हृदय सरावाने मजबूत झाले आहे, त्याच्या प्रत्येक ठोक्यासरशी अधिक रक्त बाहेर पडते; दोन धावांमधील अल्पशा उसंतीत त्याची भरपाई लवकर होते. ज्याला हा सराव नाही तो पहिली धाव बरोबरीने धावतो, दुसरी धाव धावतो, पण दहाव्या धावेला त्याचे पाय जड होतात. आणि पाय जड झाले की नेमही चुकतो. कारण चेंडू फेकण्याचे बळ हातांत नव्हे, गुडघ्यांतून येत असते. ड्यूकचे खेळाडू दुबळे मुळीच नव्हते. अशा गतीचा खेळ मात्र त्यांच्या वाट्याला यापूर्वी आलेला नव्हता.

ईगल्समधील सर्वांत लहान खेळाडू सोळा वर्षांचा होता. गोऱ्या खेळाडूंशी खेळण्याची त्याची पहिलीच वेळ. सामन्याच्या मध्यावर केव्हातरी त्याच्या लक्षात आले, की समोरचे हे लोक कोणी अतिमानव नाहीत, आपल्यासारखीच माणसे आहेत आणि आपण त्यांना हरवू शकतो. वृद्धपणी त्याने ही आठवण सांगितली आहे. ताई, आपल्या चिरंजीवांचे ‘वेगळ्या मातीची मुले’ हे शब्द वाचले तेव्हा मला आठवला तो हाच मुलगा. हे त्याला कोणी व्याख्यान देऊन पटविलेले नव्हते. खेळता खेळता, धावता धावता त्याच्या शरीराला ते आधी कळले, मनाला नंतर.

खेळ संपला तेव्हा गुणफलक होता ८८–४४.

विजय एवढा निर्विवाद की वादाला जागाच उरली नाही. पण मला त्याहून पुढचा प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. थोडी विश्रांती घेऊन त्याच मुलांनी आणखी एक सामना खेळला आणि या वेळी संघ मिसळले. एका बाजूने सदरे काढले, दुसऱ्या बाजूने ठेवले. प्रत्येक बाजूला काळेही होते, गोरेही होते. दक्षिणेतील त्या राज्यात कायद्याने ज्यांनी एका बाकावर बसायचे नव्हते, ती मुले एका संघातून एकमेकांना चेंडू देत होती. नंतर सारे वसतिगृहात गेले आणि बराच वेळ गप्पा मारीत बसले. मोंटाना राज्यातून आलेल्या ड्यूकच्या एका विद्यार्थ्याने या दिवसाविषयी आपल्या घरी पत्रातून लिहिले. बाकी बहुतेकांनी मौन पाळले. मॅक्लेंडन पुढे टेनेसीत गेला, तेथील कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या संघास त्याने १९५७ ते १९५९ अशी सलग तीन वर्षे एन. ए. आय. ए. ही राष्ट्रीय स्पर्धा जिंकून दिली. नेस्मिथ यांच्या नावाच्या सन्मानदालनात त्याला स्थान मिळाले. पण त्या रविवारची गोष्ट बाहेर आली ती १९९६ मध्ये, स्कॉट एल्सवर्थ या इतिहासकाराच्या लेखामुळे. म्हणजे तब्बल ५२ वर्षांनी. असा विजय मिळवून अर्धशतक गप्प राहायचे, ही गोष्ट रक्तदाबाच्या कोणत्या कोष्टकात बसवावी ते मला कळत नाही.

आता गोळीविषयी. ताईंनी लिहिलेली गोळी बहुधा प्रोप्रॅनोलॉल जातीची असावी. ती अ‍ॅड्रिनॅलीनचा हृदयावरील परिणाम रोखते. व्यासपीठावर उभे राहून बोलायचे असेल तर डॉक्टर काही वेळा ती देतात. पण धावण्याच्या खेळात हृदयाची गती वाढणे हीच गरज असते. ती गती अडविली तर मुलगा शांत दिसेल, पण लवकर थकेल. ज्यांना दम्याची प्रवृत्ती आहे त्यांच्या श्वासनलिका या गोळीने आकसू शकतात आणि ते प्रसंगी गंभीर ठरते. शिवाय नेमबाजी, तिरंदाजी अशा खेळांत हा औषधवर्ग प्रतिबंधित आहे. तेव्हा दुसऱ्याच्या मुलाची गोळी आपल्या मुलास, केवळ मैत्रिणीच्या शब्दावर, कदापि देऊ नये.

त्याऐवजी काय करावे? ईगल्सच्या त्या पहिल्या मिनिटांकडेच पाहावे. घबराट बसल्या जागी वाढते, अंग हलू लागले की कामाला लागते. सामन्यापूर्वी मुलाने बाकावर बसून प्रतिपक्षाचे बूट आणि उंची न्याहाळत राहू नये. निदान १५ ते २० मिनिटे हलके धावणे, उड्या, जवळून सोप्या फेकी, अशा क्रमाने अंग तापवावे. हात गार असतील तर चोळावेत, पूर्ण बाह्यांचा सदरा शेवटपर्यंत अंगात ठेवावा. आदल्या रात्री आणि सकाळी पाच मिनिटे श्वासाचा सराव करावा: चार आकडे मोजत श्वास घ्यावा, सहा मोजत सावकाश सोडावा. श्वास सोडण्याची क्रिया लांबली की हृदयाची गती मंदावते; प्राणायाम करणाऱ्या आजी-आजोबांना हे वेगळे सांगावयास नको. मुलाने तो आजोबांसोबतच केला तर दोघांचेही भले होईल.

दम वाढविण्यासाठी आठवड्यातून दोन वेळा, प्रशिक्षकांना विचारून, असे करता येईल: दहा मिनिटे हलकी धाव, मग ३० सेकंद वेगाने आणि दीड मिनिट चालणे, असे सहा वेळा. शेवटच्या धावेनंतर लगेच आणि एका मिनिटाने मनगटावरची नाडी मोजून वहीत लिहावी. काही आठवड्यांत त्या एका मिनिटातील उतार वाढलेला दिसेल. आपले हृदय सुधारत असल्याचा हा पुरावा मुलाच्या स्वतःच्या अक्षरात असतो. मला वाटते, ‘घाबरू नकोस’ या शंभरदा उच्चारलेल्या वाक्यापेक्षा तो त्याच्या अधिक उपयोगी पडेल. आणि शक्य असल्यास त्या मोठ्या संस्थेच्या मुलांशी एखादा साधा, गुण न मोजता खेळलेला सराव सामना प्रशिक्षकांनी जुळवून आणावा. संघ मिसळून खेळले तर फारच उत्तम.

काही लक्षणे मात्र ‘मनाची’ म्हणून सोडून देऊ नयेत. धावताना चक्कर येऊन शुद्ध हरपणे, छातीत दुखणे, विश्रांती घेऊनही ठोके अनियमित राहणे, किंवा घराण्यात कोणाचा तरुणपणी अचानक मृत्यू झालेला असणे. यांपैकी काहीही असेल तर खेळ थांबवून आधी हृदयाची तपासणी करून घ्यावी. तसेच सामना नसतानाही उलट्या होत असतील, वजन घटत असेल, झोप उडाली असेल किंवा मुलगा महाविद्यालयात जाणेच टाळू लागला असेल, तर समुपदेशकाची भेट घेण्यात संकोच नसावा. पत्रावरून तरी यांपैकी काही दिसत नाही.

राहिला आहार. रिकाम्या पोटी मळमळ वाढते आणि भरल्या पोटी उलटी होते, म्हणून सामन्याच्या तीन तास आधी नेहमीच्या सवयीचे, कमी तेलाचे जेवण द्यावे. ऊर्जा देणारी म्हणून विकली जाणारी डबाबंद पेये त्या दिवशी घरातही नसावीत. त्यांतील कॅफिनने थरथर वाढते. सामना सकाळी दहाचा असेल तर सातपूर्वी पोहे किंवा भाकरी-दूध, नऊच्या सुमारास एखादे केळे, आणि थोड्या थोड्या वेळाने घोटभर पाणी. केळे मात्र डब्यात घालून द्यावे, पिशवीत चेंडूखाली चेंगरते.